क्रीडाज्योतीचें पात्र

गेल्या वर्षाच्या क्रीडादिनीं आमच्या मैदानावर जी फजिती झाली ती पुष्कळ पालकांनीं प्रत्यक्ष पाहिली आहे. तेव्हां ती लपविण्यांत अर्थ नाहीं. मैदानाच्या एका टोंकास विटांचा चार फूट उंचीचा खांब रचून त्यावर आम्हीं लोखंडी घमेलें बसविलें होतें, व त्यांत जुन्या धोतरांच्या चिंध्या रॉकेलांत भिजवून ठेविल्या होत्या. इयत्ता नववींतील एक विद्यार्थी मशाल घेऊन मैदानास फेरी घालून आला, त्यानें मशाल घमेल्यास लाविली आणि बँड वाजूं लागला. सकाळचे साडेदहा वाजले होते व ऊन लख्ख पडलें होतें. ज्योत पेटली कीं नाहीं हें पहिल्या रांगेंतील पाहुण्यांसही कळेना. दिसला तो केवळ काळा धूर. इतक्यांत इंद्रायणीकडून वाऱ्याचा झोत आला, धूर पाहुण्यांच्या अंगावर गेला, आणि एक जळती चिंधी उडून त्या विद्यार्थ्याच्या सदऱ्याच्या बाहीवर पडली. शेजारीं उभ्या असलेल्या शिक्षकांनीं ती हातानेंच विझविली. मुलाच्या मनगटावर रुपयाएवढा फोड आला. तो आठ दिवसांत बरा झाला खरा. पण ज्योत त्यापूर्वींच, म्हणजे पहिली शर्यत सुटण्याच्या आंतच, विझून गेली होती.

त्यानंतर आमच्याकडे दोन प्रकारचीं पत्रें आलीं. कांहीं पालकांनीं लिहिलें कीं, मुलांच्या खेळांत विस्तवाचें काम काय? झेंडा फडकवावा, कवाईत करावी आणि शर्यती सुरू कराव्या. विद्यार्थ्यांच्या बाजूचें म्हणणें असें पडलें कीं, ज्योत नसेल तर क्रीडादिन आणि रोजचा खेळाचा तास ह्यांत फरक तो काय राहिला? दोन्ही पक्षांस उत्तर देण्यापूर्वीं जगांतील मोठमोठ्या सामन्यांत हें काम कसें करितात तें समजून घ्यावें असें आम्हांस वाटलें. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऑलिंपिक ज्योत ही प्राचीन ग्रीक लोकांची चाल आहे असें आपण सारे समजतों. प्राचीन काळीं ऑलिंपिया येथें हेस्तिया देवीच्या चुलीवर अग्नि अखंड तेवत ठेवीत, व अथेन्स नगरांत कांहीं उत्सवांच्या वेळीं मशालींच्या शर्यतीही होत. परंतु ऑलिंपिक खेळांसाठीं दूरवरून धांवत ज्योत आणण्याची चाल त्या लोकांत नव्हती. १८९६ सालीं ह्या खेळांचें पुनरुज्जीवन झालें, तेव्हांही ज्योत नव्हती. ती प्रथम पेटली १९२८ सालीं, हॉलंडांतील अ‍ॅमस्टरडॅम शहरीं. यान विल्स नांवाच्या वास्तुशिल्पज्ञानें क्रीडागाराच्या दाराशीं एक उंच मनोरा बांधून त्याच्या माथ्यावर पसरट वाडग्यासारखें पात्र ठेविलें होतें. तें पेटविलें कोणीं? कोणी राजानें नव्हे कीं वीरानें नव्हे. शहराच्या वीज कंपनींतील एका नोकरानें, कसलाही समारंभ न करितां.

येथें थोडें विषयांतर करितों. त्याच्या आठ वर्षें अगोदर, १९२० सालीं, बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिकास आपल्या देशांतून एक लहानसें पथक गेलें होतें. त्यामागें पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि त्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. त्या पथकांतील फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यत धांवले, आणि रणधीर शिंदे हे कुस्तींत चौथे आले. ह्या आपल्या पहिल्या वीरांनीं ज्योत पाहिली नाहीं, कारण ती तेव्हां अस्तित्वांतच नव्हती. हेच दोराबजी टाटा आमच्या मावळाच्या इतिहासांतही आहेत: लोणावळें व वळवण येथील धरणांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस नेऊन १९१५ सालापासून मुंबईस वीज पुरविणारी कंपनी त्यांच्याच घराण्याची. पहिली ऑलिंपिक ज्योतही एका वीज कंपनीच्याच माणसानें पेटवावी, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटला.

ऑलिंपियापासून ज्योत धांवत आणण्याची प्रथा १९३६ सालची. ती बर्लिन येथील खेळांसाठीं कार्ल डीम ह्यानें योजिली. २० जुलै १९३६ रोजीं ऑलिंपिया येथें अंतर्वक्र आरशानें सूर्यकिरण एकत्र करून ती पेटविण्यांत आली, आणि तीन हजारांवर धांवपटूंनीं ती बर्लिनला पोहोंचविली. तेथील पात्र तिवईच्या आकाराचें होतें. त्या वेळीं जर्मनींत नाझी राजवट होती, आणि हा सारा थाट त्या राजवटीनें आपलें वैभव मिरविण्यासाठीं वापरला, हेंही आमच्या विद्यार्थ्यांनीं जाणून असावें. अग्नि पवित्र असला तरी तो कोणाच्या हातीं आहे हें पाहावें लागतें. असो.

आतां पात्राकडे वळूं. आपल्या घरची चूल, कंदील, समई, देवळापुढील दीपमाळ हीं सारीं अग्नीचींच पात्रें. परंतु क्रीडागारांतील पात्राचें काम त्यांहून अवघड असतें. चुलींतला जाळ दिसला नाहीं तरी भाकरी भाजते. समई घरांत असते, तिला वारा लागत नाहीं. क्रीडाज्योत मात्र उघड्यावर, उंचावर, दोन-दोन आठवडे अहोरात्र, पावसांत व वाऱ्यांत तेवत राहिली पाहिजे, आणि पन्नास-साठ हजार लोकांना ती भर दुपारीं दिसलीही पाहिजे. आमच्या घमेल्याची फजिती झाली ती ह्या शेवटच्या बाबतींत.

ज्योत पिवळी कां दिसते? जळणांतील कार्बनाचे अतिसूक्ष्म कण पुरते जळण्यापूर्वीं तापून चमकूं लागतात. तोच ज्योतीचा उजेड. हवा भरपूर मिळाली कीं ते कण तत्काळ जळून जातात आणि ज्योत निळी होते. स्वयंपाकघरांतील गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असते ती ह्याच कारणानें. निळी ज्योत भांडें काळें करीत नाहीं, पण उन्हांत ती दिसत नाहीं. उलट हवा फारच कमी पडली म्हणजे न जळलेले कण धूर होऊन वर जातात. आमच्या घमेल्यांत नेमकें हेंच झालें, कारण चिंध्यांच्या गच्च बोळ्यांत खालून हवा शिरण्यास वाटच नव्हती. म्हणजे जी ज्योत अगदीं स्वच्छ ती दिसत नाहीं, आणि जी दिसते ती कांहीं अंशीं धुरकट. पात्र घडविणाऱ्याची निम्मी अक्कल ह्या दोहोंचा मेळ घालण्यांत खर्ची पडते. पुष्कळशा मोठ्या पात्रांत तेल किंवा लांकूड जळत नसून नळानें वायु येतो, खालीं शेगडीसारखींच पण अवाढव्य भोंकें पाडलेलीं चक्रें असतात, आणि वरून जें भव्य वाडगें दिसतें तें मुख्यतः वारा अडविण्यास व शोभेस असतें.

उन्हांत दिसण्यासाठीं लोकांनीं काय काय केलें पाहा. १९४८ सालीं लंडन येथें शेवटच्या धांवपटूच्या मशालींत मॅग्नेशियम हा धातु जाळला, कारण त्याचा पांढरा प्रकाश दिवसाही डोळे दिपवितो. १९५६ सालीं मेलबर्न येथेंही तीच युक्ति केली. पण मशालीच्या ठिणग्या उडून रॉन क्लार्क ह्या तरुण धांवपटूचा हात भाजला. तरी त्यानें मशाल टाकिली नाहीं. आमच्या नववींतील विद्यार्थ्यास ही हकीकत सांगितली तेव्हां तो पहिल्यानेंच हंसला.

ज्या पात्राची कथा आमच्या मनांत घर करून राहिली तें जपानांतील. टोकियोजवळ कावागुची नांवाचें गांव ओतकामासाठीं प्रसिद्ध आहे. १९५८ सालीं टोकियो येथें तिसरे आशियाई खेळ भरावयाचे होते, व त्यांसाठीं ओतीव लोखंडाचें एक थोर पात्र करावयाचें होतें: सुमारें २.१ मीटर उंच व वर तितकेंच रुंद. दिवस थोडे उरले होते. हें काम मान्नोसुके सुझुकी ह्या वृद्ध ओतकाऱ्यानें अंगावर घेतलें आणि मुलगा बुंगो ह्यास मदतीस घेतलें.

ओतकाम म्हणजे काय हें ज्यांचे वडील वा भाऊ आंबी, नवलाख उंबरें किंवा चाकणच्या कारखान्यांत जातात त्यांस सांगावयास नको, इतरांसाठीं सांगतों. बाहेरचा एक साचा आणि आंतला एक गाभा असे दोन्ही मातीचे व वाळूचे करून त्यांमध्यें पात्राच्या जाडीएवढी फट ठेवितात, व त्या फटींत वितळलेलें लोखंड ओततात. हा रस सुमारें १४०० अंश सेंटिग्रेड इतका तापलेला असतो. परंतु उष्णतेहून मोठा धोका वजनाचा. लोखंडाचा रस पाण्याच्या जवळजवळ सातपट जड. दोन मीटर उंचीचा साचा भरला म्हणजे त्याच्या तळच्या भिंतीवर जो दाब येतो तो चौदा मीटर खोल विहिरीच्या तळाशीं असणाऱ्या पाण्याइतका असतो, आणि तो सोसावयाचा मातीच्या साच्यानें!

फेब्रुवारी १९५८ मध्यें रस ओतला, आणि साचा फुटला. लोखंड बाहेर वाहून गेलें, कित्येक आठवड्यांची मेहनत क्षणांत गेली. म्हाताऱ्या मान्नोसुकेनें अंथरूण धरिलें आणि थोड्याच दिवसांत तो मरण पावला. मुदत टळत नव्हती. बुंगोनें साचा पुन्हा रचिला, पुन्हा रस ओतला, आणि मार्च महिन्यांत पात्र अखंड उतरलें. तें आशियाई खेळांत पेटलें. आणि पुढें १९६४ सालीं टोकियोस ऑलिंपिक आलें तेव्हांही तेंच पेटलें. त्या वेळीं तें पेटविणारा योशिनोरी साकाई हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता. ज्या दिवशीं, ६ ऑगस्ट १९४५ रोजीं, हिरोशिमावर अणुबाँब पडला त्याच दिवशीं त्याच प्रांतांत तो जन्मला होता. वृत्तपत्रांत साकाईचें छायाचित्र जगभर छापलें गेलें. सुझुकी पितापुत्रांस फार थोडे ओळखीत. पण बुंगो म्हातारा होईपर्यंत वर्षास एकदां क्रीडागारांत जाऊन तें पात्र तिळाच्या तेलानें पुसून काढीत असे. २०११ सालच्या समुद्रप्रलयांत उद्ध्वस्त झालेल्या इशिनोमाकी गांवींही कांहीं वर्षें तें पात्र नेऊन ठेविलें होतें, तेथील लोकांस धीर यावा म्हणून.

मोठ्या लोकांच्याही फजित्या होतात, हें वाचून आम्हांस थोडें समाधान झालें. १९७६ सालीं माँट्रियल येथें पावसानें ज्योत विझली, आणि एका कामगारानें चटकन् सिगारेट पेटविण्याच्या लायटरनें ती पेटविली. तें कळतांच वरिष्ठांनीं ती विझवून, ऑलिंपियाहून आलेल्या व राखून ठेविलेल्या मूळ ज्योतीपासून पुन्हा लाविली. १९८८ सालीं सेऊल येथें शांततेचीं म्हणून सोडलेलीं कबुतरें पात्राच्या कांठावर जाऊन बसलीं, आणि ज्योत पेटतांच त्यांतील कांहीं जळालीं. हा प्रकार पाहून जगभर हळहळ झाली. २००० सालीं सिडनी येथें कॅथी फ्रीमन हिनें पाण्यांत उभें राहून पेटविलेलें कडें वर चढतां चढतां मध्येंच अडकलें, आणि कांहीं मिनिटें सारें क्रीडागार श्वास रोखून पाहत राहिलें. उलट १९९२ सालीं बार्सेलोना येथें अंतोनियो रेबोयो ह्या तिरंदाजानें पेटता बाण पात्रावरून सोडिला तो असा अचूक कीं वर दाटलेला वायु भक्कन् पेटला. हा तिरंदाज बाळपणीं पोलिओनें पायानें अधू झालेला होता. बाण पात्रांत पडावा अशी योजनाच नव्हती, तो पलीकडे क्रीडागाराबाहेर पडला. पण पाहणाऱ्यांस तें कळलें नाहीं, आणि तसें न कळणें हीच त्यांतली करामत.

ज्योत राखून ठेवितात म्हणजे काय, हेंही सांगितलें पाहिजे. खाणींत काम करणाऱ्यांसाठीं हंफ्री डेव्ही ह्यानें १८१५ सालीं जाळीचा दिवा काढला. त्याच जातीच्या कंदिलांत मूळ ज्योतीचा अंश रात्रंदिवस जपतात. लंडन येथें २०१२ सालीं पात्र क्रीडागारांतच एका जागेवरून दुसरीकडे हलवावयाचें होतें. तेवढ्या वेळेपुरती ज्योत अशा कंदिलांत ठेविली, आणि मग १९४८ सालीं मशाल घेऊन धांवलेल्या एका वृद्ध गृहस्थाच्या हातून ती पुन्हा लावविली. तळेगांवच्या पैसा फंड काच कारखान्याची आठवण आम्हांस ह्या ठिकाणीं झाली. १९०८ सालीं तो निघाला तो गांवोगांवच्या लोकांनीं दिलेल्या एकेक पैशावर. आणि कंदिलांतील ज्योत ही सारी काचेच्याच जिवावर असते.

लंडनचें तें पात्र थॉमस हेदरविक ह्यानें रचिलें होतें. त्यास वाडगेंच नव्हतें. प्रत्येक देशाच्या पथकाबरोबर एक मूल तांब्याची एक पाकळी घेऊन मैदानांत आलें. अशा २०४ पाकळ्या लांब दांड्यांवर बसविल्या होत्या. सात तरुण खेळाडूंनीं त्या पेटविल्या, दांडे हळूहळू उभे राहिले, आणि सर्व लहान ज्योती मिळून एक मोठी ज्योत झाली. खेळ संपल्यावर ज्याची पाकळी त्या देशास परत दिली. आम्हांस हें पात्र सर्वांत उत्तम वाटतें. तें खालीं मैदानांत असल्यामुळें बाहेरच्या लोकांस दिसत नाहीं अशी तक्रार झाली, व ती खोटी नव्हती. पण आमच्या दीपमाळेची कल्पना ज्यास आहे त्यास त्या पात्राचें मर्म चटकन् कळेल. दीपमाळेवरही एकच मोठा जाळ नसतो. दगडाच्या प्रत्येक हातावर निराळी पणती असते, वाऱ्यानें दोन विझल्या तरी बाकीच्या राहतात, आणि लांबून पाहणाऱ्यास तो एकच उजेडाचा खांब भासतो.

टोकियो येथें २०२१ सालीं भरलेल्या खेळांत जपानी लोकांनीं हायड्रोजन वायु जाळला. त्याच्या जळण्यांतून केवळ पाण्याची वाफ निघते, धूर मुळींच नाहीं. पण त्याची ज्योत दिवसां जवळजवळ अदृश्य! तेव्हां तींत धुण्याच्या सोड्याचें, म्हणजे सोडियम कार्बोनेटचें, पाणी फवारून तिला पिवळा रंग दिला. गॅसच्या शेगडीवर आमटी उतूं गेली कीं निळी ज्योत एकदम पिवळी होते, हें घरोघरच्या मातांनीं पाहिलें आहे. तो मिठांतल्या सोडियमचाच गुण. पॅरिसवाल्यांनीं २०२४ सालीं तर अग्निच काढून टाकिला. मॅथ्यू लेहॅनर ह्याच्या योजनेप्रमाणें सात मीटर व्यासाचें एक कडें फुग्याखालीं टांगलें, त्यावर पाण्याचा सूक्ष्म फवारा व विजेचे दिवे सोडिले, आणि तो फुगा रोज संध्याकाळीं तुइलरी बागेंतून साठ मीटरांवर चढे. लांबून तें हुबेहूब जळतें कडें दिसे. मूळ ज्योत खालीं एका कंदिलांत ठेविली होती. ज्या पालकांस विस्तवाची भीति वाटते त्यांस ही युक्ति पसंत पडेल. आम्हांस मात्र मन पुरतें घेत नाहीं. पाण्यावर उजेड पाडून त्यास ज्योत म्हणणें म्हणजे चित्रांतल्या चुलीवर हात शेकणें होय. तरीही कोणाचा हात भाजला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

आपल्या देशांत ही प्रथा १९५१ सालीं, दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांबरोबर आली. त्या वेळीं ज्योत आणण्याचा मान जुने ऑलिंपिक खेळाडू दलीपसिंग ह्यांस मिळाला. २०१८ सालीं इंडोनेशियांतील आशियाई खेळांची ज्योतही दिल्लीसच पेटवून तिकडे नेण्यांत आली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकी येथें गेले ते लोकांनीं जमविलेल्या वर्गणीवर, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनीं घर गहाण ठेवून दिलेल्या पैशांवर. तेथें बहात्तर मीटर उंच मनोऱ्यावर ज्योत तेवत असतां त्यांनीं कुस्तींत कांस्यपदक जिंकिलें. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. पुढें तीस वर्षांनीं, १९८२ सालीं, दिल्लीस पुन्हा आशियाई खेळ झाले तेव्हां ज्योत घेऊन धांवणाऱ्यांत खाशाबाही होते. आमच्याजवळ बालेवाडीस १९९४ सालीं राष्ट्रीय खेळ व २००८ सालीं राष्ट्रकुल युवक खेळ झाले. परंतु राष्ट्रकुल खेळांची परंपरा ज्योतीची नसून संदेश ठेविलेला दंड हातोहात नेण्याची आहे. ज्यांस विस्तव नको त्यांनीं ह्याही रीतीचा विचार करावा.

पण मावळांतील मुलांस ज्योत कोणीं शिकवावयास नको. शिवजयंतीच्या आदल्या रात्रीं लोहगडावरून किंवा शिवनेरीवरून मशाल घेऊन अनवाणी धांवत गांवास येणारीं पोरें आम्ही दरसाल पाहतों. त्यांची मशाल म्हणजे दांड्यास गुंडाळलेलें फडकें. वाटेंत तेल घालावयास एक गडी बरोबर असतो, जुन्या काळीं दिवटीबरोबर बुधलें असे तसा. ती ज्योत टिकते ती ह्यामुळें कीं, ती चालती असते, रात्रीची असते, आणि तिच्याजवळ कोणीतरी सतत लक्ष देऊन असतें. आम्हीं दिवसा, एका जागीं, कोणी जवळ न ठेवितां तीच वस्तु करावयास गेलों.

ह्या सर्वांचा विचार करून यंदाची व्यवस्था अशी केली आहे. उद्घाटन सकाळीं न करितां सायंकाळीं सूर्य मावळतांना होईल. चिंध्या व रॉकेल बंद. एका पालकांनीं, जे ओतशाळेंत काम करितात, जाड पत्र्याचें पात्र करून देण्याचें मनावर घेतलें आहे. त्याच्या तळाशीं हवेसाठीं भोंकें, वर तारेची जाळी, आणि खालून गॅसचें चक्र असेल, व त्याची कळ दूर ठेविलेल्या टांकीजवळ एका शिक्षकाच्या हातीं राहील. खांब सात फुटांचा होईल. त्याच्या पायथ्याशीं वाळूच्या चार बादल्या ठेवूं. मशालीऐवजीं मुलें काचेचा कंदील आळीपाळीनें आणतील, आणि शेवटीं शिक्षक लांब दांडीनें पात्र पेटवितील. कांठ किती उंच ठेवावा ह्याविषयीं अजून दोन मतें आहेत, कारण नदीकडचा वारा त्या सुमारास उलटा फिरतो. तेव्हां क्रीडादिनापूर्वीं एका संध्याकाळीं पेटवून पाहूं. ज्या पालकांस शंका असेल त्यांनीं त्या दिवशीं अवश्य यावें.

कंदील नेण्यासाठीं चोवीस विद्यार्थ्यांनीं नांवें दिलीं आहेत. त्यांत पहिलें नांव गेल्या वर्षीं ज्याचा हात भाजला त्याचें आहे. त्याच्या आईची परवानगी अजून यावयाची आहे.